बालवाडीने काय साधते?

गेल्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून झाल्यावर आपल्या एका वयोवृद्ध सभासद भगिनींनी एक साधा प्रश्न विचारला. पलीकडच्या वस्तीतील मुलांसाठी मंडळ जी बालवाडी चालवते, तिच्यावर आपल्या उत्पन्नाचा बराच मोठा भाग खर्ची पडतो. त्या म्हणाल्या, "मुले तेथे येतात, गाणी म्हणतात, मातीत खेळतात आणि मूठभर खाऊ खाऊन घरी जातात. पुढे पहिलीत गेली म्हणजे बालवाडीत आलेली आणि न आलेली सारी सारखीच दिसतात. मग ह्या दोन वर्षांनी त्यांचे नेमके साधते काय?" त्या प्रश्नात कुत्सितपणा मुळीच नव्हता. मसाले आणि पापड विकून मंडळासाठी पै पै जमवणाऱ्या बाईने विचारावा असाच तो प्रश्न होता. आम्ही कार्यकारिणीच्या भगिनींनी त्यावर जे उत्तर दिले ते भावनेचे होते, पुराव्याचे नव्हते. स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याचे माझ्याकडे आले तेव्हा ते राहिलेले उत्तर येथे द्यावे असे मी ठरवले. उत्तर शोधता शोधता मला फार दूर, अमेरिकेतील एका लहानशा गावापर्यंत जावे लागले. आणि परत आले ती आपल्याच मुलखातील एका टेकडीवर.

लहान मुलांची शाळा ही श्रीमंतांची हौस, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो ह्या गरीब वस्तीत उघडले. आईबाप दिवसभर कामाला जात आणि मुले जिन्यांवर, अंगणात मोकाट हिंडत. त्या मुलांसाठी ते होते. इंग्लंडात मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन ह्या भगिनींनी १९१४ साली मोकळ्या हवेतील बालशाळा काढली तीही लंडनच्या डेप्टफर्ड भागात, गोरगरिबांच्या चाळींना लागून. म्हणजे बालशिक्षणाची गंगा मूळची गरिबांच्या दारातूनच वाहत निघाली. पुढे मात्र ती बंगल्यांकडे वळली आणि चकचकीत साधनांनी महाग झाली.

ह्या सर्व कार्यकर्त्या स्त्रियांची श्रद्धा होती की, पहिल्या पाचसहा वर्षांत जे पेरावे ते जन्मभर उगवते. परंतु श्रद्धा आणि सिद्धता ह्यांत अंतर असते. बालवाडीत जाणारे मूल पुढे चांगले निघाले, तर ते बालवाडीमुळे की मुळातच त्याचे आईबाप जागरूक होते म्हणून, हे सांगणार कोण? ह्या शंकेचे उत्तर ज्या प्रयोगाने दिले तो १९६२ साली सुरू झाला.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉइट ह्या मोटारींच्या शहराजवळ यप्सिलांटी नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात गावाशेजारी विलो रन येथे बाँब टाकणारी विमाने बनवण्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि कामाच्या शोधात दक्षिणेकडून हजारो माणसे तेथे आली. त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबेही पुष्कळ होती. गावाच्या दक्षिण भागात त्यांची वस्ती झाली. तिच्यातील पेरी नावाच्या प्राथमिक शाळेत जवळजवळ सारी मुले कृष्णवर्णीय असत. मुले शाळेत येत, मागे पडत, एकाच वर्गात पुन्हा पुन्हा बसत आणि अखेर शाळा सोडून जात. बुद्धिमापनाच्या चाचण्या घेऊन त्यांच्यावर 'मंदबुद्धी' असा शिक्काही लवकरच मारला जाई.

डेव्हिड वायकार्ट नावाचे एक तरुण मानसशास्त्रज्ञ त्या गावच्या शाळाखात्यात विशेष मुलांच्या विभागाचे प्रमुख होते. आकडे पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की, ही सारी मंद मुले गावाच्या एकाच भागातून येतात. एका रस्त्याच्या अलीकडे बुद्धी आणि पलीकडे मंदपणा असे कसे असू शकेल? त्यांनी प्रथम शाळांचे शिकवणे सुधारावे म्हणून मुख्याध्यापकांपुढे आकडे मांडले. पण तेथे फारसा उत्साह दिसला नाही. तेव्हा, शाळा बदलत नसेल तर मूल शाळेत जाण्यापूर्वीच त्याला हात द्यावा, असा विचार त्यांनी केला. पेरी शाळेचे कृष्णवर्णीय मुख्याध्यापक चार्ल्स युजीन बीटी ह्यांनी त्यांना साथ दिली. त्या काळी काही तज्ज्ञांचे मत असे होते की, तीनचार वर्षांच्या मुलांना शाळेची सवय लावणे त्यांच्या मनाला अपायकारकच ठरेल. म्हणून वायकार्ट ह्यांनी ठरवले की, नुसती बालशाळा काढायची नाही. तिची कसोटीही लावायची.

त्यांनी १९६२ ते १९६७ ह्या काळात त्या वस्तीतील गरीब घरची १२३ मुले निवडली. सर्व मुलांचा बुद्ध्यंक कमी, साधारण ७० ते ८५ ह्या दरम्यान भरलेला होता. मग सारख्या परिस्थितीतील मुलांच्या जोड्या लावून, जवळजवळ नाणेफेकीसारख्या पद्धतीने त्यांचे दोन गट केले. ५८ मुले बालशाळेत आली आणि ६५ मुले पूर्वीप्रमाणे घरीच राहिली. ज्यांच्या नावाने नाणे पडले नाही त्या मुलांचा विचार मनात येऊन आपल्याला हळहळ वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे. एकाच गल्लीतील दोन मुले. एकाला दार उघडे आणि दुसऱ्याला बंद. परंतु त्या ६५ मुलांवाचून आज आपल्या सभेतील प्रश्नाला उत्तर मिळाले नसते, हेही तितकेच खरे. त्यांचे आपण सर्वांनीच काही देणे लागतो.

आता त्या बालशाळेत चालत होते काय, ते पाहू. सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी अडीच तास शाळा भरे. बहुतेक मुले तीन आणि चार ह्या वयांची दोन वर्षे येत. एका शिक्षिकेकडे साधारण पाचसहा मुलेच असत. शिक्षिका पदवी घेतलेल्या आणि प्रशिक्षित होत्या. खोलीचे भाग पाडलेले होते : एकीकडे लाकडी ठोकळे, एकीकडे घरकुलाचा खेळ, एकीकडे रंग आणि कागद. आज मी काय करणार हे मुलाने आधी सांगायचे, मग ते करायचे आणि शेवटी सर्वांपुढे बसून काय केले ते सांगायचे, असा रोजचा क्रम होता. पाठांतर, धडे, घोकंपट्टी ह्यांना तेथे स्थान नव्हते. ठरवणे, करणे आणि सांगणे ह्या तीन गोष्टींतच सारे शिक्षण होते.

आणखी एक गोष्ट होती, ती आपण भगिनींनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. दुपारच्या वेळी शिक्षिका आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जात आणि आईजवळ दीड तास बसत. मुलाशी कसे बोलावे, घरातल्या साध्या वस्तूंनी त्याला काय शिकवता येते, ह्याचा दोघी मिळून विचार करीत. आई ही अडाणी आणि शिक्षिका ही शहाणी, असा भाव त्यात नव्हता. मुलाचे भले करणाऱ्या दोन बायका एका टेबलाशी बसत, एवढेच.

पाचव्या वर्षी चाचण्या घेतल्या तेव्हा सर्वांना आनंद झाला. बालशाळेतील १०० पैकी ६७ मुलांचा बुद्ध्यंक ९० वा त्याहून वर गेला होता. घरी राहिलेल्यांत हे प्रमाण १०० पैकी २८ होते. परंतु हा आनंद फार दिवस टिकला नाही. मुले प्राथमिक शाळेत गेली, आणि आठ वर्षांची होईपर्यंत दोन्ही गटांचे बुद्ध्यंक जवळजवळ सारखे झाले. आपल्या सभासद भगिनी जे म्हणाल्या तेच तेथेही दिसले : पहिलीदुसरीत गेल्यावर सारी सारखीच.

ह्याच सुमारास अमेरिकेच्या सरकारने १९६५ साली 'हेड स्टार्ट' ह्या नावाने गरीब मुलांसाठी देशव्यापी बालशिक्षण योजना सुरू केली होती. १९६९ साली तिची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत हाच निष्कर्ष आला की मुलांना झालेला लाभ थोड्याच वर्षांत ओसरतो. "गरिबांच्या मुलांवर पैसा उधळला" असे म्हणणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले. येथेच वायकार्ट ह्यांनी वह्या मिटल्या असत्या तर बालवाडीविरुद्धचा निकाल कायमचा लागला असता. त्यांनी त्या मिटल्या नाहीत. १९७० साली त्यांनी 'हायस्कोप' नावाची स्वतंत्र संस्था काढली आणि ते व त्यांचे सहकारी त्या १२३ मुलांच्या मागोमाग वर्षानुवर्षे जात राहिले.

मुले चौदा वर्षांची झाली तेव्हा पहिला आश्चर्याचा धक्का बसला. बुद्ध्यंक सारखे असूनही वाचन, भाषा आणि गणित ह्यांच्या परीक्षेत बालशाळेतील १०० पैकी ४९ मुलांनी किमान पातळी गाठली. दुसऱ्या गटात अशी फक्त १५ होती. पंधराव्या वर्षी घरचा अभ्यास नियमाने करणारी मुले पहिल्या गटात १०० पैकी ६१ आणि दुसऱ्यात ३८ होती. म्हणजे चाचणीत न दिसणारे काहीतरी त्या मुलांच्या ठिकाणी टिकून राहिले होते. ते काय, ह्याचा विचार पुढे पुष्कळ विद्वानांनी केला. हातातले काम पुरे करणे, मनाला आवर घालणे, दुसऱ्याशी जमवून घेणे, शाळा ही आपली जागा आहे असे वाटणे ह्या सवयी त्या अडीच तासांत रुजल्या होत्या. बुद्धीच्या मापाने मोजता न येणारे ते शील होते. आपल्या आज्या ज्याला 'वळण' म्हणत, तेच हे.

मुले एकोणीस वर्षांची झाली, सत्तावीस वर्षांची झाली, चाळिशीला आली. प्रत्येक वेळी त्यांचा शोध घेतला गेला. चाळिसाव्या वर्षी हयात असलेल्यांपैकी १०० पैकी ९७ जणांच्या मुलाखती झाल्या. त्यांचा वृत्तान्त २००५ साली प्रसिद्ध झाला. शालान्त शिक्षण पुरे केलेले पहिल्या गटात १०० पैकी ७७ आणि दुसऱ्यात ६० होते. नोकरीधंद्यात असलेले अनुक्रमे ७६ आणि ६२ होते. पाच किंवा त्याहून अधिक वेळा पोलिसांनी पकडलेले पहिल्या गटात ३६, तर दुसऱ्यात ५५. पहिल्या गटातही छत्तीस आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. बालशाळेने गरिबी नाहीशी केली नाही, वर्णभेदही पुसला नाही. परंतु तिच्यामुळे अनेक आयुष्ये सावरली.

मुलींची हकीकत तर मला सर्वांत बोलकी वाटते. बालशाळेत २५ मुली होत्या. त्यांपैकी २२ जणींनी शालान्त शिक्षण पुरे केले. घरी राहिलेल्या २६ मुलींपैकी फक्त १२ जणींना ते साधले. घरी राहिलेल्या मुलींपैकी १०० त ४१ एखाद्या इयत्तेत पुन्हा बसल्या होत्या. बालशाळेतील मुलींत हे प्रमाण निम्म्यावर, २१ वर आले. ज्या मुली 'मंद' म्हणून वेगळ्या काढल्या जाणार होत्या, त्या मंद नव्हत्याच. त्यांच्याकडे वेळेवर कोणी पाहिले नव्हते, एवढाच त्यांचा दोष.

जमाखर्चाचा प्रश्न उरतो, आणि तो टाळण्याचे कारण नाही. ह्या बालशाळेवर झालेला खर्च मुळीच थोडा नव्हता. परंतु पुढे वाचलेला पोलीस आणि तुरुंगांचा खर्च, पुन्हा पुन्हा एका वर्गात बसण्याचा खर्च आणि मिळवत्या माणसांनी भरलेला कर हे सारे जमेस धरून संशोधकांनी असा हिशेब मांडला की, घातलेल्या एका डॉलरमागे समाजाला सोळा डॉलर परत मिळाले. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००० साली मिळवणारे जेम्स हेकमन ह्यांनी पुढे हाच हिशेब अधिक काटेकोरपणे तपासला. मुलांची संख्या लहान होती, नाणेफेकीनंतर काही मुलांची अदलाबदल झाली होती, हे दोष ध्यानात घेऊनही घातलेल्या पैशावर दर वर्षी शेकडा सात ते दहा इतका लाभ झाला, असा निष्कर्ष त्यांनी २०१० साली काढला. २०१९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले की, त्या मुलांच्या मुलांनाही ह्याचा फायदा पोचला आहे. बालशाळेचे तोंड न पाहिलेल्या घरांतील मुलांपेक्षा ती पुढची पिढी शाळेत अधिक टिकली आणि कामधंद्याला अधिक लागली.

आता मी सुरुवातीस सांगितलेल्या टेकडीकडे वळते. ज्या १९६२ साली यप्सिलांटीचा प्रयोग सुरू झाला, त्याच साली आपल्याकडे ताराबाई मोडक ह्यांना पद्मभूषण मिळाले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण कामाची जात एकच आहे. भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर काम केल्यावर ताराबाईंच्या मनाने घेतले की, बालशिक्षण शहरातील सुखवस्तू मुलांपुरते राहता कामा नये. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. आज तो पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच विवाह होऊन काही महिन्यांत वैधव्य आलेली ही बाई जिद्दीने शिकली होती आणि शिक्षिका झाली होती.

बालवाडी उघडली, पण जिच्यासाठी उघडली ती दलित वस्तीतील आणि पाड्यांवरील मुले काही येईनात. तेव्हा ह्या दोघींनी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. मुलांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, अंगण झाडून तेथेच गाणी आणि खेळ घ्यायचे. अंगणात भरते ती अंगणवाडी! पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेल्यावर त्यांना दिसले की, वारली मुले गुरे राखायला जातात. म्हणून शाळा कुरणात गेली आणि 'कुरणशाळा' झाली. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असल्याने तिला शाळेत येता येत नाही. म्हणून शाळेशेजारी पाळणाघर आले. माँटेसरीची महाग साधने परवडत नव्हती. म्हणून बिया, शिंपले, खडे आणि पाने ही साधने झाली. ताराबाई १९७३ साली आणि अनुताई १९९२ साली गेल्या. त्यांनी रूढ केलेला अंगणवाडी हा शब्द मात्र देशभर गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

यप्सिलांटीने आकडे दिले. कोसबाडने वाट दाखवली. दोन्हींचे सांगणे एकत्र केले म्हणजे सभेतील प्रश्नाचे उत्तर पुरे होते. परंतु ह्या उत्तराला एक अट आहे, आणि ती सांगितल्यावाचून लेख संपवणे अप्रामाणिक होईल. कोणतीही बालवाडी म्हणजे चांगली बालवाडी नव्हे. अमेरिकेच्याच टेनेसी राज्यात सरकारी बालवर्गांची अशीच सोडत पद्धतीने पाहणी झाली. तिचे २०२२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उलटे आहेत. त्या वर्गांत गेलेली मुले सहावीत गेल्यावर न गेलेल्यांपेक्षा परीक्षांत मागे पडलेली आढळली. चार भिंतींत मुले कोंडून, अक्षरे गिरवायला लावून, गप्प बसवून काही साधत नाही; उलट बिघडते. शिक्षिकेचे ज्ञान, तिच्याकडची मोजकी मुले, मुलाला मिळणारे स्वातंत्र्य आणि आईशी जोडलेले नाते ह्या गोष्टी काढून टाकल्या तर उरते ती केवळ पाटी.

ह्या कसोटीवर आपली बालवाडी कोठे बसते, हे आपण स्वतःलाच विचारू या. आपल्या ताईंकडे आज एकट्याने तीस मुले आहेत. पालकांच्या आग्रहाखातर आपण चार वर्षांच्या मुलांना पाढे म्हणायला लावतो. ताईंचे मानधन आपण किती वेळा 'पुढच्या महिन्यात पाहू' म्हणून लांबवले आहे, ते जमाखर्चाच्या वहीत लिहिलेलेच आहे. वस्तीत मुलांच्या घरी आपल्यापैकी किती जणी गेल्या? हळदीकुंकवाला त्या आयांना बोलावतो, पण त्यांच्या ओट्यावर आपण बसलो आहोत काय?

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, नव्या वर्षापासून आणखी एक शिक्षित ताई नेमावी, आणि त्यासाठी लागल्यास यंदाच्या सहलीचा खर्च कमी करावा. दुसरी, सभासदांनी दोघी-दोघींच्या जोड्या करून आठवड्यातून एक दुपार ताईंबरोबर मुलांच्या घरी जावे; शिकवायला नव्हे, भेटायला. तिसरी, एक नोंदवही घालावी. बालवाडीतून बाहेर पडलेले प्रत्येक मूल पहिलीत गेले का, चौथीत टिकले का, मुलगी दहावीला बसली का, एवढेच तीत दर वर्षी लिहावे. अमेरिकेतील त्या मंडळींनी चाळीस वर्षे वह्या मिटल्या नाहीत म्हणून आज आपल्याला उत्तर मिळाले. आपल्या बालवाडीतून आजवर किती मुले गेली आणि त्यांचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी एकीलाही सांगता येत नाही.

ज्या भगिनींनी सभेत तो प्रश्न विचारला, त्यांनाच ही नोंदवही सांभाळण्याची विनंती मी करणार आहे. काही वर्षांनी त्याच वार्षिक सभेत त्या उभ्या राहून उत्तर वाचतील. तोवर त्यांचा प्रश्न आपण सर्वांनी मनात जागा ठेवावा, एवढेच मागणे आहे.